नवं कूलंट भरूनही दोन महिन्यांत पुन्हा चिखल: शिडाच्या बोटीच्या डिझेल इंजिनात नेमकं काय चुकतं

तक्रार साधारण अशी असते. हंगाम सुरू होताना जुनं कूलंट काढून चांगल्या कंपनीचं नवं भरलं. दोन-तीन महिन्यांनी हेडर टँकची (इंजिनावरच्या कूलंटच्या टाकीची) टोपी उघडली तर आत पुन्हा तपकिरी पाणी आणि टोपीच्या रबराला चिकट थर. तासभर नेहमीच्या आरपीएमवर इंजिन चालवलं की तापमानाचा काटाही हळूहळू वर सरकतो. मग कूलंटच खराब निघालं असं ठरवून दुसऱ्या कंपनीचा डबा आणला जातो आणि पुढच्या हंगामात तीच गोष्ट पुन्हा होते.

बहुतेक वेळा दोष नव्या डब्यात नसतो. इंजिनात मागे राहिलेलं जुनं कूलंट किंवा मिसळलेलं पाणी हे खरं कारण असतं. त्यामुळे कोणतं कूलंट घ्यायचं हे ठरवण्याआधी आत सध्या काय आहे आणि त्यातलं किती खरोखर बाहेर येणार आहे, याचा हिशोब करावा लागतो.

पुढचं सगळं दोन सर्किटच्या इंजिनांबद्दल आहे. ब्लॉकमध्ये बंद सर्किटातलं कूलंट फिरतं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राचं पाणी त्याला थंड करतं. काही जुन्या छोट्या इंजिनांत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधूनच फिरतं. त्यांना कूलंट लागत नाही. त्यांचा थर्मोस्टॅटही (तापमानानुसार उघडणारी झडप) ६० अंश सेल्सियसच्या आसपास उघडणारा असतो, कारण त्याहून जास्त तापलं की क्षार आत बसू लागतात.

आधी टोपीखाली काय आहे ते नीट बघा

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच टोपी काढा. गरम इंजिनात दाबाखालचं कूलंट टोपी सैल होताच उकळून तोंडावर येतं. हातमोजे घाला, हेडर टँकमधून दोन चमचे कूलंट पांढऱ्या बशीत घ्या आणि उजेडात तिरपं करून बघा. टोपीच्या आतल्या बाजूचा थरही बोटाने पुसून त्याच बशीत लावा. चव घेऊन खारट लागतं का हे अजिबात बघू नका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं. उघडी बशी पाळीव जनावरांच्या तोंडी लागणार नाही याचीही काळजी घ्या.

पातळ, गंजाच्या रंगाचं पाणी असेल आणि थोडा वेळ ठेवल्यावर बशीच्या तळाशी बारीक भुकटी बसत असेल, तर लोखंडी ब्लॉक गंजतो आहे. म्हणजे गंजरोधक द्रव्यं संपली आहेत किंवा मुळातच कमी पडली आहेत. ओल्या साबणाच्या चुऱ्यासारखा बुळबुळीत, हिरवट किंवा पिवळट गोळा हाताला लागला, तर न जुळणारी दोन कूलंट एकत्र आली आहेत किंवा कठीण पाण्याने त्यातली सिलिकेट-फॉस्फेट बाहेर टाकली आहेत. दुधाळ तपकिरी रंग आणि तेलकट कड म्हणजे तेल शिरलंय. होजच्या जोडांवर निळसर-हिरवी पापडी असेल तर तिथून कूलंट झिरपून वाळतंय आणि त्यात तांबं उतरलंय.

बशीतलं कूलंट स्वच्छ, पारदर्शक असेल आणि तरी तापमान चढत असेल, तर कूलंट बदलून काहीही होणार नाही. इंपेलर (समुद्रपाण्याच्या पंपाचं रबरी चाक), समुद्रपाण्याची जाळी, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांमधले क्षार आणि एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो (जिथे समुद्रपाणी धुरात मिसळतं तो वाकडा जोड) तपासा. कमी आरपीएमवर ठीक आणि जोर दिला की गरम, असं होत असेल तर संशय याच बाजूवर जास्त.

ड्रेन केलं म्हणजे रिकामं झालं, असं नाही

तीन सिलिंडरच्या, ३० हॉर्सपॉवरच्या आसपासच्या इंजिनात साधारण ५ लिटर कूलंट असतं. हीट एक्स्चेंजरखालचा एकच कॉक उघडला तर समजा ३ लिटर बाहेर येतं आणि २ लिटर ब्लॉकमध्ये राहतं. म्हणजे नवं भरल्यावर आत ४० टक्के जुनंच आहे. एकदा पाण्याने धुऊन पुन्हा काढलं तर जुनं १६ टक्क्यांवर येतं आणि दोनदा धुतल्यावर ६.४ टक्क्यांवर.

यात कॅलोरिफायर धरलेला नाही. इंजिनाच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या टाकीची कॉइल आणि तिच्या दोन लांब होजमध्ये आणखी दीड लिटर सहज मावतं. इंजिनाचा कॉक उघडला तरी ते जागचं हलत नाही. आता एकूण ६.५ लिटर आणि मागे राहणारं ३.५ लिटर. दोनदा धुऊन नवं भरलं तरी जुनं सुमारे १६ टक्के उरतं, तीनदा धुतलं तर ८ टक्के.

हा आकडा महत्त्वाचा का, तर लाँग-लाइफ, म्हणजे जास्त वर्षं टिकणाऱ्या, कूलंटमध्ये साध्या कूलंटची भेसळ १० टक्क्यांपर्यंतच चालते, अशी कॅटरपिलर या इंजिन कंपनीची त्यांच्या ईएलसी या लाँग-लाइफ कूलंटसाठी मर्यादा आहे. त्यापुढे लाँग-लाइफचे गुण धरायचे नाहीत. आणि बोटींवर सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कॅलोरिफायरच्या या दीड लिटरकडे.

निवड रसायनावरून करा, रंगावरून नाही

पहिला शब्द इंजिनाच्या मॅन्युअलचा. त्यात कूलंटचा प्रकार किंवा स्पेसिफिकेशन लिहिलेलं असतं आणि इंजिनात अ‍ॅल्युमिनियम कुठे आहे, सोल्डर कुठे आहे, सील कशाची आहेत, हे सगळं धरूनच ते ठरवलेलं असतं. डब्यावर "सर्व इंजिनांसाठी" असं लिहिलं असलं तरी मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन डब्याच्या मागच्या बाजूला शब्दशः सापडलं पाहिजे. एएसटीएम या अमेरिकी मानकसंस्थेचं डी३३०६ हे मोटारींसारख्या हलक्या इंजिनांच्या कूलंटचं मानक आहे, तर डी६२१० हे जड कामाच्या डिझेल इंजिनांचं.

जुन्या पद्धतीच्या आयएटी कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेटसारखी अकार्बनी द्रव्यं असतात. ती धातूवर लगेच थर धरतात, पण लवकर संपतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायची. ओएटी कूलंटमधली सेंद्रिय आम्लं जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतात. ती हळू खर्च होतात, त्यामुळे बहुतेक उत्पादक पाच वर्षं देतात. हायब्रिड म्हणजे एचओएटीमध्ये सेंद्रिय आम्लांसोबत थोडं सिलिकेट किंवा फॉस्फेट असतं. बोटीचं इंजिन वर्षाला शंभर तासही चालत नाही असं पुष्कळदा होतं. पण कूलंटची मुदत वर्षं आणि तास यांपैकी जे आधी भरेल त्यावर ठरते, त्यामुळे कमी तासांचा फायदा इथे मिळत नाही.

ही द्रव्यं एकमेकांत मिसळली की दरवेळी जेली होतेच असं नाही. जेली झाली तर ती निदान डोळ्याला दिसते. जास्त वेळा दोन्ही प्रकारांचं प्रमाण निम्म्यावर येतं, एकही पुरेसं उरत नाही, आणि वरून रंग छान दिसत असताना आत गंज सुरू राहतो. तीन महिन्यांत येणारं तपकिरी पाणी बहुधा इथलं असतं.

रंगाला कुठलंही मानक नाही. जुनं आयएटी हिरवं असतं आणि ग्लायसँटिन जी४८ हे हायब्रिड निळसर-हिरवं. डेक्सकूल नारिंगी आहे आणि साधं ओएटी आहे. टोयोटाचं गुलाबी कूलंट मात्र फॉस्फेट असलेलं ओएटी आहे. व्होल्वो पेंटाचं हिरवं आणि पिवळं व्हीसीएस एकाच कंपनीची असूनही एकमेकांत मिसळायची नाहीत. हिरव्यात हिरवं ओतलं म्हणून जुळलं, हा समज सोडून द्या.

बोट वापरलेली घेतली असेल आणि आत काय आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर वर टॉप-अप करत बसण्यापेक्षा सगळं धुऊन पहिल्यापासून भरणं हाच स्वस्त मार्ग आहे.

दोन गोष्टी आणखी. काही डिझेल कूलंटमध्ये नायट्राइट असतं. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या वेगळ्या बाहीला बाहेरून कूलंट लागतं अशा, मोठ्या इंजिनांत लायनरच्या बाहेरच्या भिंतीवर बुडबुडे फुटून खड्डे पडतात, ते टाळायला. शिडाच्या बोटींवरच्या बहुतेक छोट्या इंजिनांत बोअर (सिलिंडरचं भोक) थेट ब्लॉकमध्येच असतो, त्यांना त्याची गरज नसते. मॅन्युअल मागत नसेल तर वरून कसलंही अ‍ॅडिटिव्ह ओतू नका. दुसरं, हिवाळ्यात बोटीची नळयोजना गोठू नये म्हणून मिळणारं गुलाबी अँटिफ्रीझ इंजिनाच्या बंद सर्किटात भरायचं नाही. ते समुद्रपाण्याच्या बाजूसाठी आणि पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी असतं. त्यावरचा "उणे ५०" हा आकडा नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो, त्या तापमानाला ते प्रवाही राहतं असा त्याचा अर्थ नाही.

इथिलीन की प्रॉपिलीन ग्लायकॉल, हा प्रश्न कॅलोरिफायर असलेल्यांनी गांभीर्याने घ्यावा. कॉइलला भोक पडलं तर कूलंट नळाच्या गरम पाण्यात उतरू शकतं. प्रॉपिलीन बरंच कमी विषारी आहे. ते जास्त दाट असतं आणि उष्णता किंचित कमी वाहून नेतं. इंजिन उत्पादकाची परवानगी असेल तर कॅलोरिफायरच्या बोटीत प्रॉपिलीनच भरा.

जिथे पाणी कधी गोठतच नाही तिथे नुसतं पाणी का चालत नाही? कारण गंजरोधक द्रव्यं कूलंटच्या डब्यातूनच येतात. ५० टक्के इथिलीन ग्लायकॉल उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि साध्या हवेच्या दाबाखाली १०८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बारची टोपी नीट असेल तर हा आकडा सव्वाशेच्या वर जातो. उष्ण प्रदेशात मॅन्युअलला चालत असेल तर ४० टक्केही पुरतं. तीस टक्क्यांखाली जाऊ नका, तिथे गंजरोधक द्रव्यंच अपुरी पडतात. साठच्या वरही नको, कारण ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता चांगली वाहून नेतं.

पाणी

मिश्रणाला डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच घ्या. कॅटरपिलरच्या मर्यादेप्रमाणे मिश्रणाच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ४० मिलिग्रॅम आणि एकूण कठीणपणा १७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम असतं. म्हणजे पाच लिटर पाण्यात दोन छोटे चमचे समुद्राचं पाणी पडलं की ही मर्यादा गाठली जाते. समुद्रपाणी भरलेल्या बादलीतून विसळलेलं नरसाळं तसंच वापरलं, तरी हे होऊ शकतं.

धुण्याची पद्धत

१. गार इंजिन, टोपी उघडी. हीट एक्स्चेंजरचा आणि ब्लॉकचा, असे दोन्ही कॉक उघडा. ब्लॉकचा कॉक बाजूला खाली असतो आणि गाळाने बुजलेला असतो. थेंबही आला नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका, तारेने टोचा. कूलंट बादलीत धरा. बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) पडलं तर बिल्ज पंप ते थेट समुद्रात टाकेल.

२. कॅलोरिफायरच्या दोन्ही होज इंजिनाकडून सोडा आणि एका होजमधून पायपंपाने हवा मारून दुसरीतून कूलंट काढून घ्या. एक्सपान्शन बाटली (गरम होऊन वाढलेलं कूलंट जिथे जातं ती) काढून वेगळी घासा, तिच्या तळाशी गाळ असतोच.

३. सगळं जोडून साधं स्वच्छ पाणी भरा. सी-कॉक (समुद्रपाणी आत घेणारी तोटी) उघडा आहे आणि एक्झॉस्टमधून पाणी पडतंय याची खात्री करून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम होऊ द्या. बऱ्याच इंजिनांत तो ७० ते ८२ अंशांच्या दरम्यान उघडतो. तो उघडला नाही तर पाणी अर्ध्या वाटेतच फिरतं आणि धुणं फुकट जातं. त्यानंतर १० मिनिटं चालवा, गार करा, सगळे कॉक उघडून काढा.

४. जेली किंवा जाड गंज असेल तर पहिल्या धुण्यात कूलिंग सिस्टीम क्लीनर वापरा. तो अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं डब्यावर लिहिलेलं पाहिजे. त्यानंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा.

५. शेवटचं धुणं डीमिनरलाइज्ड पाण्यानेच. आत थोडं पाणी मागे राहणारच आहे, ते नळाचं असून चालणार नाही.

शेवटचं भरणं इथे चुकतं

धुतल्यावर आत समजा वरच्यासारखंच २ लिटर नुसतं पाणी राहिलं आहे. त्यावर ३ लिटर तयार मिश्रण, म्हणजे ५० टक्क्यांचं प्रीमिक्स, भरलं तर पाच लिटरमध्ये ग्लायकॉल फक्त दीड लिटर, म्हणजे ३० टक्के. धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेटच (पाणी न मिसळलेलं कूलंट) घ्या. २.५ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि उरलेल्या अर्ध्या लिटरला डीमिनरलाइज्ड पाणी घाला. कॅलोरिफायरच्या लूपमधलं पाणी फुंकून काढलं नसेल तर ६.५ लिटरच्या निम्मे ३.२५ लिटर कॉन्सन्ट्रेट हवं, आणि जागा तर तीनच लिटरची आहे. प्रीमिक्स टॉप-अपसाठी ठेवा.

भरताना धार बारीक ठेवा. कॅलोरिफायरची उंचावरची होज थोडी सैल करा आणि सलग कूलंट येऊ लागलं की घट्ट करा. टोपी न लावता १,००० ते १,२०० आरपीएमवर चालवा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाईल, तेवढं भरा, मग टोपी लावा. कॅलोरिफायर इंजिनाच्या टोपीपेक्षा उंच असेल तर हवा तिथेच अडकते. अशा वेळी सर्वात उंच जागी दाब सहन करणारी वेगळी एक्सपान्शन टाकी बसवून प्रेशर कॅप तिच्यावर लावतात आणि इंजिनावर बंद टोपी.

मिश्रण सगळीकडे फिरल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने बघा. इथिलीन आणि प्रॉपिलीनच्या मोजपट्ट्या वेगळ्या असतात, चुकीच्या पट्टीवर वाचू नका. हे यंत्र फक्त ग्लायकॉलचं प्रमाण सांगतं. गंजरोधक द्रव्यं किती उरली ते त्यात दिसत नाही, त्यासाठी त्या त्या कूलंटच्या टेस्ट स्ट्रिप लागतात.

इतकं करूनही परत आलं तर

मग बाहेरचं काहीतरी आत येतंय. पहिला संशय हीट एक्स्चेंजरवर. इंजिन चालू असताना कूलंटचा दाब समुद्रपाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून नळीला भोक असेल तर कूलंट एक्झॉस्टवाटे बाहेर जातं. बिल्ज कोरडं, होज कोरड्या, आणि पातळी तरी घटते. इंजिन गार होताना आत निर्वात होतो आणि त्याच भोकातून समुद्राचं पाणी आत ओढलं जातं. मिक्सिंग एल्बो बुजल्याने समुद्रपाण्याचा दाब वाढला असेल तर उलट एक्सपान्शन बाटली भरून वाहते.

तपासणी अशी. हीट एक्स्चेंजरची समुद्रपाण्याची बाहेर जाणारी होज काढा. टोपीच्या जागी प्रेशर टेस्टर लावून टोपीवर छापलेल्या आकड्याइतका दाब द्या, ०.९ बार असेल तर तेवढाच. वीस मिनिटं थांबा. उघड्या तोंडातून रंगीत थेंब आला तर नळ्यांचा गठ्ठा काढून दुरुस्त करावा किंवा बदलावा लागेल. समुद्रपाण्याच्या बाजूला झिंक अ‍ॅनोड असेल तर तो निम्मा झाला की बदला. संपलेल्या अ‍ॅनोडनंतर समुद्रपाणी नळ्याच खाऊ लागतं.

गार इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारख्या कडक होत असतील आणि हेडर टँकमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटमधून ज्वलनाचा वायू शिरतोय. तो कूलंट आम्लधर्मी करतो आणि कोणतंही कूलंट त्यापुढे टिकत नाही. वायू ओळखणाऱ्या निळ्या द्रवाचा रंग बदलतो का ते बघा, पण ही चाचणी इंजिनावर भार असताना करा.

टोपीही तपासा. तिच्यात दोन व्हॉल्व्ह असतात. आतला छोटा व्हॉल्व्ह अडकला तर गार होताना कूलंट बाटलीतून परत येत नाही, होज चपट्या होतात आणि हेडर टँकमध्ये हवा राहते. त्या हवेने वरच्या भागाला गंज चढतो, आणि दोष मात्र कूलंटवर जातो. रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर त्याच दाबाची नवी टोपी घ्या.

भर समुद्रात पातळी गेली आणि जवळ कूलंट नसेल तर पिण्याचं पाणी घाला, खारं पाणी नाही. बंदरात आल्यावर प्रमाण तपासून सगळं दुरुस्त करा. एरवी त्याच कूलंटचं एक लिटर प्रीमिक्स बोटीवर असू द्या, आणि हेडर टँकजवळ न पुसणाऱ्या शाईने कूलंटचं नाव, प्रकार, प्रमाण आणि भरल्याची तारीख लिहून ठेवा. दहा तास चालवल्यावर पुन्हा दोन चमचे पांढऱ्या बशीत काढा. थोडी धूसर झाक चालेल, धुतल्यानंतरचा उरलासुरला गाळ वर येतो. दहा तासांतच तपकिरी झालं, तर दुसरा डबा आणू नका, टोपीच्या जागी प्रेशर टेस्टर लावा.